ताडपत्रीखालचं पाखरू

ऋतुजानं गाडीचं मागचं दार उघडलं आणि तिला दोन पाय दिसले.

नुसते पाय! बाकीचा माणूस गाडीतल्या स्वयंपाकाच्या ओट्याखालच्या कपाटात गेलेला. मार्गशीर्षातली सकाळ, निलंग्याजवळच्या त्या रानावर अजून धुकं, अंगावर आईची शाल, आणि स्वतःच्या गाडीत कुणाचे तरी पाय... ती अशी किंचाळली, की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं एकदमच उडाली.

“आई गं! चोर!”

पाय दचकले. आत डोकं कशावर तरी आपटलं, काहीतरी निसटलं आणि गार पाण्याची चिळकांडी थेट ऋतुजाच्या तोंडावर आली. शाल भिजली, केसही भिजले.

“ओरडू नका की हो!” कपाटातून आवाज आला. मागोमाग एक तरुण रांगत बाहेर आला. कपाळावर ताजं टेंगूळ, हातात पाना आणि डोळ्यांत तिच्याइतकीच भीती. “चोर काय पाण्याची टाकी रिकामी कराया येतो का?”

“मग कोण तुम्ही?”

“बजरंग. मूळ नांदेडचा. लातूरला ताहेरभाईंच्या वर्कशॉपमधी गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. हणमंतरावांनी बोलावलं, गाडी बंद करून ठेवायची हाय म्हणून. तेच करून राहिलो.”

“बंद? कोणती गाडी?”

त्यानं शेडमध्ये इकडंतिकडं पाहिलं. दुसरी गाडी नव्हतीच. “हीच.”

“ही माझी गाडी हाय!”

“असं...” त्याचा पाना हळूहळू खाली आला. “मग तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई?”

नव्हतं सांगितलं. केसांतून पाणी गळत असताना, एका परक्या माणसाच्या तोंडून तिला हे कळत होतं. ऋतुजा तशीच ओल्या शालीनिशी वडिलांना शोधायला निघाली.

त्या गाडीचं नाव पाखरू. दोन वर्षांपूर्वी जुनी ट्रॅव्हलर घेऊन ऋतुजानं तिच्यातल्या सीटा काढल्या होत्या, झोपायला फळ्या बसवल्या होत्या, छोटा ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, एवढासा फ्रीज... आणि मागच्या काचेवर स्वतःच्या हातानं ‘पाखरू’ असं रंगवलं होतं. बीदरचा किल्ला, हंपी, गोव्याचा समुद्र. भाडं घेऊन कधी एखादं कुटुंब न्यायची, कधी बचत गटाच्या बायका. स्टिअरिंगवर ती स्वतः. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघून लहान मुलीगत नाचलेल्या म्हाताऱ्या तिनं डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पंचविसाव्या वर्षी माणसाला आपलं काम सापडावं, ही काही थोडी गोष्ट नाही.

वडील गोठ्यापाशी होते.

“अण्णा, हिवाळा म्हंजी फिरायचे दिवस! आन आत्ताच गाडी बंद?”

हणमंतराव शांतपणे म्हणाले, “उसाची तोड सुरू झाली. घरात माणूस न्हाई. आन अमावस्येला, येळवशीला, जळकोटचे किशनराव येणार हैत, पुतण्यासाठी तुला बघाया.”

“मला?”

“तुलाच. त्याच्या आत गाडी ताडपत्रीखाली गेली पायजे. ती परत बाहेर काढायची का न्हाई, ते तुझ्या सासरचे ठरवतील.”

एका सकाळी तीन धक्के! वडील ओरडले असते तर तिला भांडता तरी आलं असतं. पण ते गाईच्या पाठीवर हात फिरवत राहिले, जणू हवापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या.

मग तिनं ठरवलं, भांडायचं ते त्या टेंगूळवाल्याशी.

दुसऱ्या दिवशी त्याचा मोठा पाना नाहीसा झाला. बजरंगनं शेड पालथी घातली, ओट्याखाली पाहिलं, फळीखाली पाहिलं. शेवटी ऋतुजासमोर येऊन अदबीनं उभा राहिला.

“मॅडम, पाना दिसला का?”

“न्हाई बाई. आन मॅडम म्हणू नका. मी काय शाळेत शिकवते?”

“बरं. ताई—”

“ताई तर मुळीच नको!”

हे ती इतक्या घाईनं म्हणाली, की स्वतःच चपापली. कोण कुठला हा माणूस... ताई म्हणाला तर बिघडलं काय? पण बिघडत होतं खरं.

“मग हाक काय मारू?”

“मारू नका हाक.”

त्यानं मान डोलावली. दोन पावलं गेला आणि थांबला. “ऐका की... तुमच्या ओढणीतून पान्याची मूठ दिसून राहिली.”

ऋतुजाचा चेहरा लालबुंद झाला. तिनं पाना काढून त्याच्या हातात आदळला. पण त्या दिवसापासून “ऐका की” सुरू झालं, ते झालंच. ऐका की, तेवढी बॅटरी धरा. ऐका की, फ्रीजचं दार लावू नका, बोळा घालून किलकिलं ठेवा, न्हाईतर आत बुरशी येते. आता मराठवाड्यातल्या घरांत ‘ऐका की’ म्हणून कोण कुणाला हाक मारतं, हे काय सांगायला हवं? ऋतुजाच्या आईनं, साखराबाईंनी, ते ओसरीवरून ऐकलं आणि तव्यावरची भाकरी करपली.

त्याचं काम मात्र बघत राहावं असं. टाकीतलं पाणी थेंबन् थेंब काढलं, नळ उघडे ठेवले. गॅसचं सिलिंडर उतरवलं. गाद्या उभ्या केल्या, म्हणजे खालून हवा खेळेल. डिझेलची टाकी काठोकाठ भरून घेतली, कारण रिकाम्या टाकीत आतून गंज चढतो. धूर सोडणाऱ्या नळीत चिंधी कोंबली, उंदीर घर करू नयेत म्हणून. कपाटांत डांबरगोळ्या ठेवल्या. आणि हे सगळं करताना तो गाडीशी हळू आवाजात बोलायचा, “झालं बघ आता... एवढंच.” ऋतुजा दाराशी उभी राहून चोरून ऐकायची. आपल्याला राग येतोय, असं ती स्वतःला बजावायची. तो येत नव्हता.

चौथ्या दिवशी तिनं हँडब्रेक ओढला, तर तो म्हणाला, “अंहं. ओढून ठेवू नका.”

“का? घसरली तर?”

“चाकांना दगड लावलेत की. ब्रेक महिनोन्महिने आवळलेला राहिला, तर आतले लाइनर चिकटून बसतात. मग गाडी हलायचं नाव घेत न्हाई. मोकळं सोडायचं.”

तो ब्रेक सोडायला वाकला. तिचा हात अजून तिथंच होता... त्याची बोटं तिच्या बोटांवर टेकली. ग्रीसनं माखलेली, खरबरीत आणि गरम. दोघांनी हात काढायला हवा होता. कुणीच काढला नाही.

“जळकोटचे चांगले हैत म्हणं,” तो एकदम म्हणाला.

“कुणी सांगितलं?”

“तुमच्या आईनं. दोनदा सांगितलं.” त्यानं हात काढून घेतला. “गाडी चालवाया देतील का तुम्हाला?”

बघायला येणाऱ्यांचा सातबारा, दुकान, उंची, सगळं घरात बोलून झालं होतं. हा प्रश्न मात्र कुणी विचारलाच नव्हता, अगदी तिनंसुद्धा. आणि विचारला तो या माणसानं, ज्याला गाडी बंद करायला बोलावलं होतं!

“मला वाटतं, ही आता बाहेर यायचीच न्हाई,” ती म्हणाली. “मग कशाला एवढी निगा करता?”

बजरंग ओट्यावरचं कपाट उघडून बाजूला झाला. आत पुठ्ठा चिकटवलेला होता. त्यावर निळ्या शाईत, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: चालू करताना आधी नळीतली चिंधी काढा. मग बॅटरी जोडा. आधी लाल, मग काळी. टायरची हवा बघा. दगड विसरू नका. घाई करू नका.

“एका तासात चालू होईल,” तो म्हणाला. “कोणी जवळ नसलं तरी तुम्हाला जमंल. मी मारून न्हाई ठेवली हो... झोपवून ठेवली.”

त्या क्षणी ऋतुजाला कळलं, की आपण याच्या प्रेमात पडलोय. पार पडलोय. आणि ते कळताच तिला असा धक्का बसला, की ती “चहा आणते” म्हणून जी पळाली, ती चहा न आणताच घरात बसून राहिली.

मग आली वेळ अमावस्या, लातूरकडची येळवस. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं माणसांनी भरतात. हणमंतरावांच्या रानात ज्वारीच्या पलीकडं कडब्याची कोप, पूजेची छोटी खोपी, उभी राहिली होती. अलीकडं, शेडपासून थोड्या अंतरावर, बायकांच्या चुली. सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेल्या भज्जीचं भलंमोठं पातेलं, बाजरीचे उकडलेले उंडे, आंबील, गव्हाची खीर. ऋतुजाला नवी साडी नेसवून चुलीपाशी बसवलं होतं. दुपारपर्यंत जळकोटची माणसं यायची होती.

सकाळीच बजरंग दिसला होता. “फळीखालची दोन बोल्टं राहिलीत,” असं म्हणाला. “आत घुसून करावी लागतील, तासभर जाईल. मग ताडपत्री ओढतो... आन निघतो.”

“निघता?”

“काम संपलं की माणूस निघतोच की.”

तिनं मान फिरवली होती.

तास होत आला होता. साखराबाई शेडकडून पदराला हात पुसत आल्या, मोठं काम उरकल्याच्या समाधानात.

“झाली बाई तुझी गाडी बंद! उंदराचा आता प्रश्नच न्हाई. डांबरगोळ्यांनी काय होतंय? मी आपल्या तुरीतल्या चार टाकल्या फडक्यात बांधून, दारं लोटली आन फटींना चिकटपट्टी मारली.”

ऋतुजाच्या हातातला पळा पातेल्यात पडला.

तुरीतल्या गोळ्या! धान्याला कीड लागू नये म्हणून पोत्यांच्या खोलीत ठेवतात त्या, जहाल विषारी धुराच्या. त्या ठेवल्या की घरातलं कुणी आठवडाभर त्या खोलीकडं फिरकत नसे. या घरात काहीही चार महिने बंद ठेवायचं म्हटलं, की साखराबाईंचा हात सवयीनं त्याच डब्याकडं जायचा.

“आई... आत बघितलंस का?”

“दार उघडंच होतं. बजरंग दिसला न्हाई, वाटलं काम उरकलं त्याचं. पुडी टाकली आन लोटलं. काय बघायचंय?”

“फळीखाली!”

“फळीखाली कोण वाकून बघतंय या गुडघ्यांनी?”

ऋतुजा धावली. साडीचा घोळ हातात, पायात काही नाही, ढेकळं टोचतायत... तिला काही कळत नव्हतं. शेडच्या तोंडाशी ती पोचली आणि थबकली.

गाडीच्या दाराशी बजरंगच्या चपला होत्या. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या. गाडीत तो कधीच चपला घालून जात नसे.

“बजरंग!” तिनं दारावर दोन्ही हातांनी मारलं. “बजरंग, ऐकताय का?”

आतून काही नाही. चिकटपट्टी चार पदरी. तिनं नखांनी ओरबाडली, नख मोडलं, तरी ओढतच राहिली. दाराचा खटका हाताला घाम असल्यानं निसटत होता. ती ओरडत होती, रडत होती आणि काय बोलतेय याचा तिला पत्ताच नव्हता.

“बजरंग, ऊठ रे! तुला काही झालं तर मी काय करू? मी त्या जळकोटवाल्याला हाव म्हणणार नव्हते... कधीच न्हाई! तुझ्यावर जीव हाय माझा, ऐकतोस का? तुझ्यावर! सांगायला लाजत बसले चार दिवस, अक्कल गहाण पडली होती माझी... ऊठ ना रे!”

खटका सुटला. दार उघडलं. आतून लसणासारखा उग्र वास आला. तिनं पदर तोंडाला लावून वाकून पाहिलं. फळीखाली बोल्टं होती, पाना होता... माणूस नव्हता.

“आत जाऊ नका!”

मागून दोन हातांनी तिला धरलं आणि दारापासून ओढत पार उन्हात नेलं. बजरंग. जिवंत, अनवाणी, छातीवर आंबिलीचे पांढरे शिंतोडे.

“श्वास घेतला का आत? डोकं दुखतंय? मळमळतंय? बोला की!”

ती त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. मग तिनं त्याच्या छातीवर एक बुक्की मारली, लागेल अशी.

“कुठं होतास तू?”

“तिकडं... कोपीपाशी. हणमंतकाकांनी आंबिलीचं मडकं उचलाया बोलावलं. म्हणाले, कोपीत अनवाणी यायचं असतंय, चपला ठिव तिथंच. तुमचं वरडणं ऐकून पळत आलो.”

“कुठपासून... ऐकलंस?”

बजरंगचे कान लाल झाले. “ते... जळकोटवाल्यापासून.”

आणि तेव्हा ऋतुजाला बाकीचे दिसले. ज्वारीच्या कडेला वडील मडकं घेऊन उभे. चुलीपासून धावत आलेली आई, तोंडावर पदर. तिच्यामागं भज्जीच्या हातांनी तशाच आलेल्या आठ-दहा बायका. आणि बांधावर नुकत्याच थांबलेल्या जीपमधून अर्धे उतरलेले, एक पाय आत न् एक पाय बाहेर, जळकोटचे किशनराव.

ऋतुजाला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

आधी हलला तो बजरंगच. त्यानं गाडीची सगळी दारं सताड उघडली, वारा पाठीशी येईल असा उभा राहून तोंडाला रुमाल बांधला आणि लांब काठीला अडकवून ती पुडी बाहेर काढली. दूर पडीक जागेत खड्डा करून पुरली, वर दगड ठेवला, हात राखेनं धुतले. मग येऊन हणमंतरावांसमोर मान खाली घालून उभा राहिला.

किशनराव तोवर पूर्ण उतरले होते. त्यांनी घसा साफ केला. “हणमंतराव, बोलणं काय झालं ते आम्ही ऐकलं. राग न्हाई. पोरीनं लग्नाआधी सांगितलं, ते बरंच केलं. पण येळवशीला आलोय... भज्जी खाल्ल्याबिगर आम्ही जाणार न्हाई!”

बायकांतून कुणीतरी फिस्सकन हसलं. साखराबाई मात्र मटकन खाली बसल्या होत्या. “माझ्या हातनं काय झालं असतं गं...” एवढंच त्या पुटपुटत होत्या.

हणमंतरावांचा चेहरा अजून दगडासारखाच होता. ते बजरंगला म्हणाले, “तिनं सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं. तुझं काय?”

“काका, मी पयल्या दिवशी डोकं आपटलं,” बजरंग म्हणाला, “ते अजून ठिकाणावर आलं न्हाई.”

“सरळ बोल.”

“माझाही जीव हाय. गरिबाचा हाय, पण खरा हाय.”

ऋतुजानं साडीचा काठ मुठीत धरला. आता गाडीचा तो प्रश्न येणार होता, हे तिला ठाऊक होतं. आणि उत्तर जर वाकडं आलं असतं, तर तिचं प्रेम तिथंच, त्या ढेकळांत पडलं असतं. खरंच पडलं असतं.

“मग तूच सांग,” वडील म्हणाले. “तुझ्या घरी आली तर ही गाडी बाहेर काढायची का न्हाई?”

बजरंगनं चमकून वर पाहिलं. त्याला प्रश्नच कळला नसावा.

“ते मला का विचारता? गाडी तिची हाय. तिला विचारा.”

“आन तुला काय पायजे?”

“ड्रायव्हरच्या बाजूची सीट... मिळाली तर.”

किशनरावांनी मोठ्यांदा टाळी वाजवली. ऋतुजाला हसू फुटलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यानं तिला उचकी लागली.

हणमंतरावांनी आपल्या पोरीकडं बघितलं. तिच्या मोडलेल्या नखाकडं, रक्ताळलेल्या पायांकडं. मग त्यांनी हातातलं आंबिलीचं मडकं बजरंगच्या हातात दिलं. येळवशीला या मडक्यातली आंबील शेतभर शिंपतात, चर म्हणतात त्याला. तो शिंपायचा मान घरातल्या माणसाचा. परक्याच्या हातात ते मडकं कुणी देत नाही.

“उभा का राहिलास? चर शिंपायचा राहिलाय. चल माझ्यामागं.”

मडकं दोन्ही हातांनी छातीशी धरून तो हणमंतरावांच्या मागं ज्वारीत शिरला. आणि वळून वळून बघायच्या नादात पहिली आंबील स्वतःच्याच पायावर सांडली.

ऋतुजाही मागं जायला निघाली, तसे वडील थांबले.

“तू कुठं?”

“मी... येते की.”

“तुला दुसरं काम हाय,” हणमंतराव म्हणाले. “जा, ती ताडपत्री घडी घालून ठेव.”